मागच्या चाकांचा दिवाळसण

कळंबोली,
६ नोव्हेंबर २०२४

श्री. जयदेवराव यांस हौसेरावाचा नमस्कार.

ट्रकच्या जुन्या ॲक्सलपासून केलेलं पत्रा वाकवायचं मशीन, जे आजही रोज चालतं. शेडच्या शटरची गिअरपेटी. मुक्ताला नारळ खवायचं पायावर चालणारं यंत्र. सासूबाईंची खुर्ची, जिची घडी एका हाताने होते. राजेश्वरीचा लहानपणीचा झोपाळा, बेअरिंगवरचा, जो कधी कुरकुरला नाही. कमानपाट्याच्या पोलादाचे कोयते तर किती केले ते मोजलेले नाहीत. आणि आता तुमच्या कल्पेशरावांच्या गाडीचे मागचे डिस्क ब्रेक. यातलं एकही काम मला कोणी शिकवलेलं नाही. शाळा आठवीपर्यंत, तीही साताऱ्याकडे, अर्धी बाकाबाहेर.

हे लिहायचं कारण, दिवाळसणाच्या जेवणात तुम्ही विचारलंत, "व्याहीबुवा, ह्ये शिकलात कुठं?" मी दोनदा ओरडून सांगितलं. बोटीच्या इंजिनाने तुमचे कान नेले आहेत हे मला माहीत आहे, पण तुमचे पाहुणे माझ्या ओरडण्याला हसायला लागले, म्हणून मी गप्प बसून भाकरी खाल्ली. फोनवरही तेच होणार. कागदावर ओरडावं लागत नाही.

जावयाला पहिल्या दिवाळीला अंगठी घालतात, कोणी चेन घालतं. मी ब्रेक घातले. तुमच्याकडे कुणी नाक मुरडलं असेल तर त्याला पुढचं वाचून दाखवा. जुनी, साधी गाडी आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम, ते आधुनिक एबीएस वगैरे काही नाही. ड्रम म्हणजे डबा. आत लायनर, बाहेर डबा, पाणी शिरलं की फुगून बसतो, तापला की सुस्तावतो. मी दोन्ही डबे काढले. एका अपघाती मोठ्या गाडीच्या मागच्या डिस्क आणि त्यांना चिमट्यासारखे आवळणारे कॅलिपर आणले. ते तुमच्या गाडीला बसत नाहीत, बसवावे लागतात. त्यासाठी बारा मिलिमीटर प्लेटचे दोन ब्रॅकेट कापले. डिस्क चढवून, ती किती डुलते ते दाखवणारा डायल लावला आणि फिरवली, तर काटा चार घरांच्या पुढे हलला नाही. कंपनीत सहा घरं चालवून घेतात. हँडब्रेकची केबल आखूड पडत होती, तिचं टोकही मीच केलं.

आणि परीक्षा घेतल्याशिवाय गाडी दिलेली नाही. आमच्या लोखंड बाजाराचा नियम आहे, गाडीचा ब्रेक भरलेल्या अंगाने तपासायचा. रिकामा ट्रक कोणीही थांबवतो. डिकीत आणि मागच्या सीटवर लोखंडाच्या सहा जड प्लेटा रचल्या, यार्डात चुन्याची रेघ मारली, साठच्या वेगाने आणून पाय दाबला. गाडी रेघेवर उभी राहिली. चारही चाकं सरळ.

आमची एकुलती एक मुलगी ही गाडी घेऊन रोज मोऱ्याहून जासईच्या कंटेनर यार्डातल्या ऑफिसात जाते. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर. लग्नापासून मला त्या रस्त्याची झोप नव्हती. आता थोडी येते.

सौ. जमुनाताईंना नमस्कार. बोंबलाची चटणी मुक्ताने कपाटात कुलूप लावून ठेवली आहे.

आपला,
हौसेराव


मोरा,
२४ नोव्हेंबर

व्याहीबुवांना जयदेवचा नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा मी, एकदा मोठ्यानं जमुनानं, सगल्या ओटीवर. ज्यांनी नाक मुरडलंतं त्ये माझे चुलतभाऊ. त्ये आता गाडीखाली डोकं घालून बघतात आनि मान हलवतात. कलत कोनालाच काय नाय.

मी तर बोटीवरचा मानूस. बोटीला ब्रेकच नाय. थांबायचं असलं का इंजिन उलटं फिरवायचं आनि दर्याला हात जोडायचं. म्हनून माझ्या बोलन्याला तुमी किती धरायचं त्ये तुमी ठरवा.

ब्रेक लय कडक हाय. आमी सगले बसून उरनच्या बाजारात गेलो, तवा कल्पेशनं पाय ठेवला न ठेवला तं गाडी उभी. जमुनाची पिशवी पुढं गेली. लय भारी. फकस्त सूनबाई म्हनते का एकटी असली का मागची बाजू जरा हलकी वाटते. नाचल्यासारखी. ती म्हनते म्हनून लिवलं. तिनं मला लिवू नका असं पन सांगितलंय, म्हनून तुमी तिला इचारू नका.

आनि कल्पेश भीत भीत इचारतोय का जुने डबे तुमच्याकडं हायेत का. असले तं ठेवा. कधी गरज लागली तं. दिवालसनाच्या वस्तूला आमी नाव ठेवत नाय. तसा इशयच नाय.

तुमचा,
जयदेव


कळंबोली,
१ डिसेंबर

श्री. जयदेवराव,

नमस्कार. पत्र पोचलं. तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत म्हणून मीही मोकळेपणाने लिहितो.

जुने ड्रम माझ्याकडे आहेत. ग्रीस लावून, कागदात गुंडाळून बाकाखाली आहेत. आणि तिथेच राहतील. कल्पेशरावांना कोणत्या तरी गॅरेजवाल्याने सांगितलं असणार, की घरगुती काम आहे, काढून टाका. त्याचं नाव मला कळवा, मी त्याला डायल घेऊन भेटतो. या लोकांना पाना धरता येतो, माप धरता येत नाही.

राजेश्वरीच्या बोलण्याचं उत्तर सोपं आहे. ती एकटी असते तेव्हा गाडी हलकी. हलक्या गाडीला थांबायला ब्रेक कमी लागतो. मग जे भरलेल्या गाडीला पुरतं ते रिकाम्या गाडीला पुरून उरतं. यात भिण्यासारखं काय आहे? तिला सांगा, नवा ब्रेक आहे, पाय हळू ठेवायची सवय लागायला महिना जातो. लहानपणी सायकलचे नवे ब्रेक लावून दिले तेव्हाही ती आठवडाभर पायाने थांबवायची. चपलांचे दोन जोड गेले.

आणि "नाव ठेवत नाही" असं मला लिहू नका. ज्याला नाव ठेवायचं नसतं तो हे वाक्य लिहीत नाही. माझ्या कामात खोट असेल तर आकडा सांगा. आकडा नसेल तर विश्वास ठेवा.

थोडं तिखट झालं. मुक्ता म्हणते हे पत्र उद्या टाका. मी आजच टाकतोय.

आपला,
हौसेराव


मोरा,
५ जानेवारी २०२५

व्याहीबुवांना नमस्कार.

उशीर जाला, राग धरू नका. बोट वरती काढलीये, रंगाचं काम चालू हाय.

गाडी दारात उभी हाय, कापड घालून. खाऱ्या हवेनं पत्रा खातो ना, म्हनून. कल्पेश कंपनीच्या बसनं जातो.

सूनबाईची तब्येत जरा नरम हाय. डॉक्टरनी दोन महिने प्रवास नको सांगितलाय. म्हनून संक्रांतीला ती कलंबोलीला येनार नाय. तुमी पन धावपल करू नका. जमुना तिच्याजवल हाय, अंगावर माशी बसू देत नाय.

तुमचा ब्रेक चांगला हाय. त्याबद्दल काय नाय.

जयदेव


कळंबोली,
१० जानेवारी

प्रिय जयदेवराव,

तुम्ही कोळी माणसं जाळं टाकता तसं पत्र टाकता, हळूच. पण मासा दिसला हो आम्हाला! दोन महिने प्रवास नको, जमुनाताई जवळून हलत नाहीत, आणि पोरगी फोनवर "बरी आहे पप्पा" एवढंच बोलून फोन आईकडे द्यायला सांगते. मी काय इतका ठोंब्या आहे? तीन महिने व्हायच्या आत बोलू नये, हे आमच्याकडेही पाळतात. मी कुणाजवळ बोललेलो नाही. शेडमधल्या वजनकाट्याजवळ एकदा बोललो असेन, पण तो माझाच आहे.

मुक्ताला म्हटलं, डिंकाचे लाडू कर. तिने एक शब्द काढला नाही, लगेच डिंक तळायला घेतला. लाडू सोबत पाठवतोय. ते आईला आणि हाडांना, दोन्हीला चांगले.

आता माझी विनंती नीट वाचा. या अवस्थेत तिला रिक्षाने नेऊ नका. रिक्षाचं तिसरं चाक नेमकं खड्ड्यातून जातं. डॉक्टरकडे जायचं तर आपल्याच गाडीने. कापड काढा. कल्पेशरावांना पुढे बसवा आणि तिला मागे झोपवा. मागे डिस्क आहेत, गाडी जागच्या जागी थांबेल. या दिवसासाठीच तर ते केलं, असं मला काल पाळण्याचं स्केच काढताना वाटलं. हो, स्केच काढलं आहे. बेअरिंग जुनंच वापरणार.

पुढच्या रविवारी मी स्वतः येतो, केबल ताणून देतो आणि पॅड बघतो.

आनंदात,
हौसेराव


मोरा,
१६ जानेवारी

व्याहीबुवा,

तुमचे लाडू आले. बाकी कोनी हात लावला नाय. सूनबाई खाते, आनि रडते, आनि परत खाते. जमुना म्हनाली, आता लिवा. पाप हाय ह्ये.

पोर नाय तसलं काय. तुमी पालन्याचं चित्र काढलं त्ये वाचून मी कागद घेतला.

डिसेंबरात, दुसऱ्या आठवड्यात, ती सकाली कामाला निघाली. एकटी. जासईच्या अलीकडं पुढं मासलीचा टेम्पो चाललेला, बर्फाचं पानी गलत. सगला रस्ता वला. पुढचा ट्रेलर एकदम थांबला. तिनं पाय दाबला. ती म्हनते ब्रेक लागला, चांगला लागला, आनि मग गाडीचं शेपूट पुढं आलं. गाडी आडवी जाली, फिरली आनि डाव्या अंगानं मिठागराच्या बांधाला घासत खाली गेली. डाव्या खांद्याचं हाड तुटलं. स्टीलची पट्टी घातलीये आत. हात वरती जात नाय अजून.

मागं ट्रेलर होता. त्याच्या ड्रायवरनं तिला चुकवून ट्रेलर बाजूला काढला. देव मानूस. तो नसता तं मी ह्ये पत्र लिवत नसतो.

इन्शुरन्सचा मानूस आला, मागची चाकं बघितली, फोटो काढलं आनि हात वर केलं. कंपनीचा ब्रेक नाय म्हनं. तो इशय सोडा.

तुमाला का नाय सांगितलं? सूनबाईनं सगल्यांना गलाशपथ घातली. म्हनाली, पप्पांना कललं तं त्येंचा हात थांबेल, त्येंना दुसरं काय येत नाय. कल्पेशनं आधीच ड्रम मागितलंतं त्ये गाडी नाचायची म्हनून, पन तुमचं पत्र आलं आनि तो गप्प बसला. दिवालसनाची वस्तू परत केली असं दिसू नये म्हनून मी पन गप्प बसलो. आमी मान राखला, व्याहीबुवा. लेकीचा खांदा राखला नाय.

आनि अजून एक. तो टेम्पो आमच्याच धक्क्यावरून भरून गेलता. आमचीच मासली, आमचंच पानी. म्हनून तुमी एकट्यानं डोक्यात घेऊ नका.

जयदेव


कळंबोली,
२ फेब्रुवारी

श्री. जयदेवराव,

त्या रविवारी तुमच्या घरी मी कसा बसलो, काय बोललो, मला आठवत नाही. काही चुकीचं बोललो असेन तर विसरा. एक आठवतं. राजेश्वरीने मला एक्स-रे दाखवला. पट्टी सहा भोकांची आहे. भोकं एका रेषेत आहेत, स्क्रू सरळ गेले आहेत. "काम चांगलं आहे," मी म्हणालो. लेकीच्या खांद्याबद्दल बापाला एवढंच बोलता आलं.

गाडी ओढून आणली ती तुम्ही पाहिलीत. इथे काय केलं ते तुम्हाला लिहिणं भाग आहे, कारण मी तुमच्याकडे आकडा मागितला होता.

यार्डात पाण्याचा टँकर सोडला. चुन्याची रेघ पुन्हा मारली. त्याच सहा प्लेटा मागे रचल्या. पाय दाबला. गाडी रेघेवर. म्हणजे ब्रॅकेट शाबूत, कॅलिपर शाबूत, काही वाकलेलं नाही. मग एक प्लेट उतरवली. रेघेवर. दुसरी उतरवली. शेपूट हातभर सरकलं. तिसरी, चौथी. प्रत्येक प्लेट उतरली की गाडी जास्त वळायची. शेवटी गाडीत मी एकटाच उरलो, जशी ती एकटी असते. पाय दाबला आणि गाडी पूर्ण फिरली. ज्या फाटकातून आलो होतो ते फाटक माझ्या समोर होतं. स्टिअरिंग माझ्या दोन्ही हातांत होतं आणि त्याचा कशाशीही संबंध नव्हता.

कारण आता मला माहीत आहे. पाय दाबला की गाडीचं वजन पुढे जातं आणि मागची चाकं हलकी होतात. ड्रमचा जोर कंपनीने त्या हिशोबाने कमी ठेवलेला होता. माझ्या कॅलिपरचा दट्ट्या मोठा, त्याची पकड त्या गाडीला झेपण्यापलीकडची. मागचं चाक आधी जखडतं, आणि जखडलेल्या चाकाला दिशा नसते. प्लेटांनी ते दाबून धरलं होतं म्हणून मला दिसलं नाही. मी आयुष्यभर भरलेले ट्रक पाहिले. रिकाम्या गाडीचा विचार मला शिवला नाही. आणि तिचं तेच म्हणणं तुम्ही मला लिहून कळवलं होतं. "एकटी असली की." मी तिला सायकलची गोष्ट सांगितली.

ड्रम परत चढवले आहेत. लायनर नवे, सिलिंडर नवे, सगळं कंपनीचं, मी फक्त आवळलं. रिकामी, भरलेली, ओली, कोरडी, सगळी तपासली. गाडी कल्पेशराव घेऊन गेले, सोबत मी आलोच होतो. राजेश्वरी खाली आली, बॉनेटवर उजवा हात ठेवला, "छान झाली" म्हणाली आणि आत गेली. मी किल्ली पुढे केलेली होती. ती तशीच खिशात टाकली. नंतर जमुनाताईंकडे दिली.

आणखी एक तुम्हाला माहीत असेलच, मला परवा कळलं. मुक्ता डिसेंबरपासून दर मंगळवारी पनवेलला बहिणीकडे जाते असं मला सांगून मोऱ्याला येत होती. लाडू तिने मोडलेल्या हाडासाठी वळले आणि मी शेजारी बसून पाळण्याची मापं सांगत होतो. मी तिला विचारलं, "मला सांगावंसं वाटलं नाही?" ती म्हणाली, "तुम्ही ऐकलं असतं, पण आधी आकडा विचारला असता."

तुम्हा सगळ्यांवर मला राग आहे, जयदेवराव. माझ्या चुकीचा तुम्ही पाहुणचार केलात. पाट मांडला, वाढलं, हात धुवायला पाणी दिलं. "हौसेराव, तुझा ब्रेक धोक्याचा आहे, ड्रम फेक इकडे," एवढं एक वाक्य कोणी तोंडावर टाकलं असतं तर! पण टाकलं असतं तरी मी काय केलं असतं, तेही मला माहीत आहे. म्हणून राग कुठे ठेवावा ते कळत नाही.

हौसेराव


मोरा,
९ मार्च

व्याहीबुवांना नमस्कार.

सूनबाई कामाला जायला लागली. एसटीनं जाते, जवल मैत्रीन असते. गाडी दारात हाय. रोज सकाली कल्पेश चालू करून ठेवतो, कधी ती बसेल म्हनून. ती उंबऱ्यापरयंत येते, गाडीकडं बघते, आनि म्हनते, "बंद कर रे, पेट्रोल जलतंय."

मी तिला बोललो, दर्यावर बोट उलटली तरी मानूस परत जातो. ती म्हनाली, "बाबा, तुमच्या बोटीला ब्रेक नाय म्हनून." मला हसू पन आलं आनि नाय पन.

जमुना म्हनते, तुमी या. मुद्दाम या. ब्रेक बघायला नको, जेवायला या. निवट्या आल्यात, ताजी मासली. खाली सूनबाई लिवतेय.

जयदेव

पप्पा,

बाबांच्या पत्राखाली जागा होती म्हणून लिहितेय. फोनवर तुम्ही गप्प होता आणि मग मीही होते, असं किती दिवस चालणार.

मी रागावलेली नाहीये. आईलाही सांगितलंय, पण तिचं तुम्ही ऐकत नाही. टेन्शन घेऊ नका असं लिहिणार होते, पण ते तुम्ही घेणारच.

एक क्लिअर करते. मी गाडी चालवत नाही त्याचं कारण ब्रेक नाही. ड्रम असू दे, डिस्क असू दे. पाय पेडलपर्यंत जातो आणि मला मिठागराचा बांध दिसतो, बस. तुम्ही विचाराल, पायाला नक्की काय होतं, किती वेळ होतं. पायाला काही होत नाही पप्पा. त्यात काढून घासून परत बसवण्यासारखं काही नाहीये.

फिजिओवाली म्हणते हात खांद्याच्या वर जाईल. कधी, ते ती सांगत नाही, मीही विचारत नाही. आई म्हणाली की तुम्ही माझ्या हातासाठी पुलीचं स्केच काढलंय, दोरी, वजनं, सगळं. नका बनवू. प्लीज. छान असेल, माहितीये मला. पण तुम्ही ती लावून शेजारी उभे राहाल आणि हात किती वर गेला ते बघाल, आणि मग मला रोज तुमच्यासाठी तो वर न्यावा लागेल.

नुसते या ना कधी. हातात काही न घेता.

राजू


कळंबोली,
६ एप्रिल

श्री. जयदेवराव यांस नमस्कार.

चैत्राचं जेवण आम्हा दोघांना पचलं, असं मुक्ता सांगते. मी कसा राहिलो ते तुम्ही पाहिलंत. बसने आलो, पिशवीत काही नव्हतं, साधा पानाही नव्हता. तुमच्या मोरीचा नळ गळतो आहे. मी दिवसभर तो आवाज ऐकला आणि उठलो नाही. राजेश्वरीचं लक्ष होतं माझ्याकडे. एकदा ती हसली. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही त्या नळातून सुटलात.

तिने डाव्या हाताने कपबशी उचलून मला दिली. किती वर आली ते मी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण मनात आकडा धरला नाही.

गाडीचं म्हणाल तर विकून टाका, असं माझं मत होतं. येताना कल्पेशरावांशी बोललो. ते म्हणाले, "पप्पा, राहू दे. तिनं रोज नाही म्हणायला तरी दारात असू दे." हे मला समजलं नाही. पण तिच्याशी संसार त्यांचा आहे, म्हणून मान हलवली.

पुलीचं स्केच मी फाडलं नाही. फाडायला हवं होतं का, ते मला ठरवता येत नाही. मुक्ताला दिलं, तिने कुठे ठेवलं ते विचारलं नाही.

जमुनाताईंना नमस्कार. नळाला सध्या सुतळी गुंडाळून ठेवा.

आपला,
हौसेराव

ता. क. एक सांगायचं राहिलं. तोंडाने मला सांगता येणार नाही आणि फोनवर तुम्हाला ऐकू येणार नाही. गेल्या मंगळवारी शेडमध्ये रणजीत नावाचा माणूस आला. गाड्यांच्या ॲक्सेसरीजची त्याची तीन दुकानं आहेत. दुसऱ्याच कामाला आला होता, बाकावर काढून ठेवलेले ते दोन ब्रॅकेट त्याने उचलले, उलटसुलट केले, डिस्क लावून फिरवली. "काका, हे कोणी केलं?" म्हणाला. मी म्हटलं, मी. "आजकाल पोरांना मागच्या चाकातून डिस्क दिसायला हवी. लाल रंग दिला तर उडेल हे. खोक्यावर तुमचं नाव टाकू, हौसेराव किट." माझं नाव, जयदेवराव, छापील. त्याने ते मोबाईलवर लगेच लिहूनही दाखवलं, चाकाच्या चित्राखाली. मी चष्मा काढून पुसून पुन्हा पाहिलं, खोटं कशाला सांगू.

मी त्याला म्हटलं, यात मागे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह घालावा लागेल, तो प्रत्येक गाडीला वेगळा, आणि प्रत्येक गाडी रिकामी करून, रस्ता ओला करून तपासावी लागेल. तो म्हणाला, "काका, ते गिऱ्हाईक बघेल." मी विचारलं, गिऱ्हाईक एकटं असलं तर? त्याला प्रश्न कळला नाही. त्याने रक्कम वाढवली.

तो गेल्यावर ब्रॅकेट आणि ते कापायचा साचा मी गॅस कटरने कापून टाकले. हे राजेश्वरीला तुम्ही सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल की बदल्यात तिने गाडीत बसावं असं मी म्हणतोय. तसं काही नाही. रक्कमही सांगा, नाहीतर तिला वाटेल कोणी फुटकळ माणूस आला होता. साचा, ड्रॉइंग आणि खोक्यावरचं नाव, तिन्हीचे मिळून तो सात लाख पंचवीस हजार देत होता. मी नाही म्हणालो.